बांगड्यांच्या भरवशावर चाललेली गाडी

आमच्या घरी पहिली गाडी आली ती जुनी जीप. त्या वर्षी संत्र्याचा बहार चांगला उतरला होता, म्हणून सासऱ्यांनी आणि यांनी पांढुर्ण्याहून ती आणली. मी नवीनच सून होते. गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सगळे बसलो. पुढे सासरे आणि हे, मागे सासूबाई आणि मी. यांच्या अगदी मागची ती जागा माझी झाली. पुढे गाड्या बदलल्या, पण माझी जागा तीच राहिली.

सासऱ्यांसमोर सून नवऱ्याशी बोलत नसे. मी तर तशीही अबोल. पण सासूबाईंना गाडी लागायची. एकदा लोधीखेड्याच्या अलीकडे त्यांचा चेहरा पार उतरला, आणि मला काही तोंड उघडता येईना. घाबरून मी यांच्या सीटमागच्या लोखंडी दांडीवर हात आपटला. बांगड्या वाजल्या तशी यांनी गाडी कडेला घेतली. तेव्हापासून तीच रीत पडली. रस्त्याच्या कडेला आजारी लेकरू कडेवर घेतलेली बाई दिसली, डोक्यावर गाठोडं घेतलेला म्हातारा दिसला, की मी बांगड्या वाजवायची आणि हे गाडी थांबवायचे. रस्त्यात ढोर आडवं आलं तरी तसंच.

सौसरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं ही रीत एकदा पाहिली. तो म्हणाला, "भाऊ, हॉर्न बिघडला तरी फिकर नाई. तुमचा हॉर्न त मांगं बसते!"

सासरेसुद्धा हसले. मी पदर तोंडाला लावला, पण मनातून मला ते आवडलं होतं.

जीपनंतर पांढरी व्हॅन आली. लेकाला नोकरी लागल्यावर त्यानं लहान लाल गाडी घेऊन दिली. या गाड्यांनी मला पुष्कळ दिलं. माझी शाळा चौथीत सुटली होती. घरात वाचायला काही नव्हतं, मग मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायची, मैलाचे दगड वाचायची, ट्रकमागचे शेर वाचायची. आमच्याकडे पाट्या हिंदीत असल्या तरी अक्षरं ओळखीचीच. माझं वाचन त्या रस्त्यानं टिकवलं. शेजारची सून आमच्या व्हॅनमध्येच, दवाखान्याच्या दारात, बाळंत झाली. तेव्हा जन्मलेली मुलगी लग्न होऊन सासरी गेली तीही आमच्याच लाल गाडीतून.

सासू-सासरे गेल्यावर पुढची सीट रिकामी झाली. हे म्हणायचे, "ये ना वं पुढं. आता कोणाची लाज?" मी हसून मागेच बसायची. सवयच तशी होती.

मागच्या कापसाच्या दिवसांतली गोष्ट. बोरगावकडून घरी येत होतो. ऊन उतरलं होतं. डावीकडच्या शेतातल्या पांदणीतून कापसाची बैलगाडी रस्त्यावर येताना मला दिसली. यांनाही दिसली असेल असं वाटलं, म्हणून मी गप्प राहिले. पण आमची गाडी हळू होईना. मी जीव खाऊन सीटवर हात आपटला आणि ओरडलेसुद्धा. करकचून ब्रेक लागला. बैल हातभर अंतरावर उभे होते.

गाडीवान ओरडला, "काका, डोये घरी ठेवून आले काय?"

 माझ्या मांडीवर हिरव्या काचा पडल्या होत्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो.  हे मागे वळले. माझं ओरखडलेलं मनगट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मले दिसलाच नाई वं बैल," ते हळूच म्हणाले.

"कवापासून असं?"

"लय दिवस झाले. बाजूचं काईच दिसत नाई. तुह्या बांगड्यायच्या भरवशावर चालवून राहिलो होतो."

मी ज्या रीतीचं कौतुक करत होते, तिनंच त्यांचं दुखणं झाकलं होतं. मी खाली उतरले, पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"उद्यापासून गाडी चालवायची नाई," मी म्हणाले. गाडीत मी एवढं ठणकावून कधीच बोलले नव्हते.

"मंग शनिवारी जामसावळीले दर्शनाले कसं जाचं?"

"बसनं."

"बसमध्ये तुह्या तोंडातून तिकीट तरी निघन काय?"

"तुम्ही बसा त सई."

ते थोडं हसले, आणि मला हायसं वाटलं. कापसाची गाडी आमच्याच गावाकडे चालली होती. आम्ही तिच्या मागे, बैलांच्या चालीनं, घरापर्यंत गेलो. गाडीवान मधूनमधून वळून पाहत होता. यांनी अंगणात गाडी उभी केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण औषधानं उरलेली टिकेल म्हणाले. उरली आहे हेच खूप. मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. लाल गाडी विकली. त्याआधी यांनी मला बसनं सौसरच्या बाजारात नेऊन हिरव्या बांगड्या भरून आणल्या.

आता शनिवारी आम्ही बसनं जातो. मी खिडकीशी, हे माझ्या शेजारी. बस सुटली की हे विचारतात, "काय दिसून राहिलं वं?" मग मी सांगते. संत्र्याच्या बागा, नवीन पाट्या, कोणाच्या शेतात कापूस वेचणं चालू आहे ते. आजूबाजूचे लोक वळून पाहतात. मला लाजल्यासारखं होतं, आवाज थोडा खाली जातो. मग हे कोपरानं ढोसतात आणि म्हणतात, "मोठ्यानं सांग ना. मंग पुढं?"