दोन भाषांची पावती

आमचं सॉफ्टवेअर दूध डेअऱ्यांचं. ऑफिस बेळगावात, गिऱ्हाइकं सीमेच्या दोन्ही अंगांना. कुणाला पावती कन्नडमध्ये लागते, कुणाला मराठीत. कुणी दूध लिटरवर घेतं, कुणी किलोवर. पण मूळ प्रोग्राम सगळ्यांचा एकच. डेअरीप्रमाणं पर्याय निवडायचे, वेगळी प्रत कुणालाच काढून द्यायची नाही. म्हणजे दुरुस्ती एकदा केली की सगळीकडं पोचते. हे मला शिकवलं आमच्या सीनियरनी. मी त्यांना अण्णा म्हणायची. त्यांचा शब्द माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होता, काय सांगू!

मग एक चूक सापडली. दुधाचा दर फॅटवर ठरतो, आणि गर्दीच्या वेळी एकाच्या दुधाची फॅट दुसऱ्याच्या पावतीवर पडायची. मी मूळ प्रोग्राममध्येच दुरुस्ती केली, सगळ्या डेअऱ्यांना कळवलं आणि मोकळी झाले.

माझी थोरली मावसबहीण, आमची आक्का, निपाणीकडच्या एका डेअरीत दुधाचे नमुने तपासायची. पुढं तिच्यावरच बालंट आलं. नमुने बदलते, आपल्या माणसांना चढी फॅट देते, अशी गावात ओरड. चेअरमनच्या घरी बैठक बसली, अण्णांना नि मला बोलावणं आलं.

"मशीन चुकतंय काय मॅडम?" चेअरमननी विचारलं.

"न्हाय," मी छातीठोकपणे म्हटलं. "ती चूक आम्ही कवाच काढलीय."

अण्णा शेजारी बसून चहा पीत होते. आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं. त्याच दिवशी तिला कामावरनं काढलं.

मला काही चैन पडेना. आक्का असलं करणारी बाई न्हवं. शेवटी डेअरीत जाऊन मी कॉम्प्युटर उघडला, तर पावतीवर मराठीही आणि खाली कन्नडही! आमच्या मूळ प्रोग्राममध्ये असा पर्यायच नव्हता. एक निवडली की दुसरी बंद. इथली माणसं दोन्ही मागतात हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. चेअरमनला उद्घाटनाची घाई, म्हणून अण्णांनी गुपचूप वेगळी प्रत काढून दोन्ही भाषा बसवून दिल्या होत्या. माझी दुरुस्ती तिथं पोचलीच नव्हती.

मी तिथनंच अण्णांना फोन लावला. "अण्णा, बैठकीत तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्हय की. पण बोललो असतो तर डेअरी हातची गेली असती गं. तू एवढं ठाम सांगितलंस, बरंच झालं."

बरंच झालं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वतः मूग गिळून बसला हा माणूस, आणि माझ्या तोंडून माझ्याच बहिणीला चोर ठरवून घेतलं. मी तिथल्या तिथं चेअरमनला फोन लावून सगळं सांगितलं. आक्काच्या जागी तोवर दुसरी बाई आली होती.

मग आक्काकडं गेले. ती भांडी घासत होती. मी रडतरडत सगळं सांगितलं, तिनं हात न थांबवता ऐकलं.

"मशीनवर कुणाचा इस्वास न्हवता गं," ती म्हणाली. "सख्खी मावसबहीण सांगतीया म्हटल्यावर बसला."