मनोहररावांचा विलायती बाजारहाट

मुलीच्या बाळंतपणाला आईऐवजी बाप गेल्याचं कधी ऐकलंय? आमच्या आंजी मोठी गावचे मनोहरराव गेले होते. तेही विमानानं, विलायतेला.

त्यांची नलू लीड्सला राहायची. जावई तिथल्या दवाखान्यात डॉक्टर. एक्क्याऐंशी साली नलूचे दिवस भरत आले, तेव्हा जावयानं सासूसाठी तिकीट पाठवायचं ठरवलं. एकच तिकीट. धुरपताबाईंनी लगेच डिंकाचे लाडू वळायला घेतले आणि मनोहररावांनी स्वतःचा पासपोर्ट काढला.

"बाईमाणूस एकटं इमानात कसं बसंल?" ते म्हणाले. ते स्वतः तोवर नागपूरच्या पुढं गेले नव्हते, आणि नागपूरलाही वांग्यांचा भाव पाहायलाच जात.

धुरपताबाईंनी लाडवांचा डबा त्यांच्या हाती दिला. "लेकीच्या डोक्यावर तेल घालाले कोणी नाई तिथी," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मला तेव्हाही संताप आला होता, पण शेजाऱ्यानं बोलून बोलून किती बोलावं?

दोन महिन्यांनी मनोहरराव परतले ते साहेब होऊनच. सोबत दोन पिशव्या भरून बाटल्या. ओसरीवर माणसं जमली. बोलायला सुरुवात झाली ती नलूपासून नाही, नातीपासूनही नाही, सुपरमार्केटपासून.

"दुकान म्हंजे आपल्या बैलबाजाराएवढं! आन् भाव करणारा एक माणूस नाई. म्या वरून थोडी कोथिंबीर मांगतली, तं गल्ल्यावरची पोरगी नुसती हासे." वांगी तिथं नगावर विकतात, प्लास्टिकात गुंडाळून, हे त्या जन्मभर भाजी पिकवणाऱ्या माणसानं दोनदा सांगितलं. "काकड्या कवळ्या हाय का नाई म्हणून म्या नख लावून पाह्यलं. चार-पाच काकड्यांले. तं दुकानाचा साहेब खुद्द भेटाले आला! दरवाज्यापर्यंत सोडाले आला ना बाप्पा!"

एवढा मान आमच्या गावात आजवर कुणालाच मिळाला नव्हता, हे आम्ही कबूल केलं.

मग बाटल्या निघाल्या. लाल, तपकिरी, हिरवी, पिवळी. सॉसला मनोहरराव 'सास' म्हणत. हिरवी सास पुदिन्याची होती. गावातल्या म्हाताऱ्या बापूजींनी बोटावर घेऊन चाखली आणि काळजीनं विचारलं, "खोकल्याचं औषध आणलं का?"

"तुमच्या जिभीले वळण नाई," मनोहरराव म्हणाले.

तेव्हापासून त्या घरात जेवणाची दैना झाली. वरणावर लाल सास, झुणक्यावर तपकिरी. पुरणाच्या पोळीवर त्यांनी मोहरीची पिवळी सास माखली आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना 'वा!' म्हटलं. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात. इथं तर दाळीलाही कुणी दाळ म्हणेना.

एका संध्याकाळी ओसरी अशीच भरली होती. मनोहरराव कोणती सास कोणत्या फळीवर असते ते पुन्हा सांगत होते. धुरपताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सासू वारली त्याले दोन वर्सं झाले," त्या म्हणाल्या. "माह्या सयपाकाले नावं ठेवणारं आता कोणी नाई म्हटलं, तं यायनं ही सास आणून बसवली."

सगळे खो-खो हसले. त्या हसल्या नाहीत.

"नलूचे बाबा, दुकान तं सगळं पाठ हाय तुमाले. आता नातीचं सांगा. नाक कोणावर गेलं तिचं?"

मनोहररावांनी हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. "लहान लेकराचं नाक म्हंजे... नाकासारखं नाक. कापडात गुंडाळून राहे ते."

धुरपताबाई आत गेल्या. मला त्या माणसाच्या शेजारी बसायचीही लाज वाटली.

चौऱ्याऐंशीत नलूला पुन्हा दिवस गेले. या खेपेला धुरपताबाईंनी कुणाला विचारलं नाही. भाच्याला हाताशी धरून त्यांनी पासपोर्ट काढला. निघताना मनोहरराव म्हणाले, "कोणत्या बाटल्या आणाच्या ते सांगून ठेवतो."

"मी लेकीकडे जाऊन राह्यली, किराण्याले नाई," त्या म्हणाल्या, आणि इंग्रजीचा एक शब्द येत नसताना एकट्या विमानात बसल्या.

परतल्यावर ओसरी पुन्हा भरली. आम्हाला वाईट खोड लागली होती. बापूजींनी विचारलं, "काय काय पाह्यलं मंग दुकानात?"

"दुकान कोठी हाय तेई मले मालूम नाई. बाळंतीण टाकून दुकानात कोण जाते?"

त्या नलूबद्दल सांगत राहिल्या. ती किती वाळली होती, पहिल्या खेपेला एकटीच कशी रडायची. मनोहरराव खाली मान घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "थोरली कशी दिसते वं आता?"

धुरपताबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"नाक तं तुमचंच हाय, सपाट. दाढी करता, रोज आरशात पाह्यता, तरी ओळखू आलं नाई तुमाले?"