बॅटरीवर दिसलेली आई
परवा परभणीत एका रिक्षात ट्रॅक्टरची बॅटरी ठेवलेली होती, आणि तिच्या आंबूस वासासरशी मला झरी गावातलं आमचं अंगण आठवलं. लहानपणी एका संध्याकाळी टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात माझी आई दिसणार होती, तुरीच्या बियाण्याला राख कशी चोळून ठेवायची ते सांगताना. सगळी गल्ली जमली आणि ऐन वेळेला लाईट गेली. आई चुलीकडं वळली. तेवढ्यात शेजारचे काका खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आले. बांधाच्या वादावरून त्यांचं आणि वडलांचं बोलणं कधीचंच बंद होतं. "वैनी दिसायल्यात म्हणं आज," एवढंच म्हणून त्यांनी आमच्या छोट्या टीव्हीला वायरी जोडल्या. पडदा उजळला, आई पदर सावरत स्वतःकडंच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेल्या बॅटरीवर काकांचा ट्रॅक्टर चालू होईना, तेव्हा वडील गेले आणि मागून हात लावत म्हणाले, "तू गेर टाक, मी ढकलायलोय." बांधाचं पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पडद्यावरची आई मात्र अजून दिसते, आणि दर वेळी मी मनातल्या मनात काकांना हात जोडतो.