बैल उलटे का पळाले

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस एकमेकीत मिसळून गेल्या, पण तिरोडा तालुक्यातली धानकापणीची ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा तिथे ठाणेदार होतो. चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. "साहेब, बाईले गोळी लागली. मारणारा आम्ही धरून ठेवला हाय!"

लोकांनी आरोपी आधीच धरून ठेवला म्हटलं की मी घाई करतो. तो आपल्याला धड मिळेल याचा काही भरवसा नसतो. स्टेशन डायरीला नोंद करायला लावली, हवालदाराला घेतलं आणि गाडी काढली.

जागा समजून घ्या, कारण सगळी केस जागेचीच आहे. मध्ये बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यात कापणी चाललेली. पश्चिमेला बोडी, म्हणजे लहान तलाव, आणि तिची उंच मातीची पाळ. पाळीच्या अलीकडे थ्रेशर. पूर्वेला राइस मिलचं नवं उंच गोदाम. गोदामाच्या अंगाला एका साठी उलटलेल्या शेतकऱ्याची बांधी. नाव सांगत नाही, म्हातारा म्हणतो.

त्या म्हाताऱ्याला लोकांनी मोहाच्या झाडाला बांधलं होतं. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला. पायाशी त्याची कार्बाइडची पाइप. माकडं, डुकरं हाकलायला ही पाइप आमच्याकडे शेतोशेती असते. नुसता बार काढते, मारत नाही. पण याने तिच्यात छर्रे भरले, असं लोकांचं ठाम मत.

बाईच्या खांद्यात छर्रे घुसले होते. तिला धानाचा धंदा करणाऱ्या एकाने आपल्या पिकअपमधून गोंदियाला दवाखान्यात हलवलं होतं. तिचा नवरा पुढे आला.

"पाण्यावरून याचं आमचं बोलणं बंद हाय साहेब. यानंच मारला. आवाज याच्याच बाजूनं आला. विचारा कोणालेही!"

विचारायची गरजच पडली नाही. कापणाऱ्या सगळ्या बायामाणसांचे विळे एकदम पूर्वेकडे उठले.

म्हातारा म्हणाला, "मी नाई मारलो जी. सकाळी माकडं आले तवा पाइप वाजवलो, मंग बसलो होतो. बाईले मी कायले मारीन?"

पहिलं काम केलं ते म्हणजे त्याला सोडवून गाडीत घातलं. नाहीतर माझ्याकडे एक जखमी आणि एक मुडदा झाला असता.

ठाण्यात त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर खेपेला जास्त गुळगुळीत होत जाते, हा माझा अनुभव. म्हाताऱ्याची गोष्ट दर खेपेला तशीच खडबडीत राहिली. पण माझ्या अनुभवावर न्यायालय चालत नाही. डॉक्टर म्हणाले, बाई वाकून कापत होती, वळतही होती, त्यामुळे छर्रे कुठून आले ते सांगता येत नाही. पाइप तपासणीला नागपूरला पाठवली. तो अहवाल यायला वेळ होता. कलम खुनाच्या प्रयत्नाचं. एवढे साक्षीदार एका सुरात बोलत असताना म्हातारा तुरुंगात गेला असता, आणि त्या वयात तो पुन्हा बाहेर आला असता असं मला वाटत नव्हतं. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलेली असायची. कोणाशी बोलायची नाही.

मग त्या सकाळी धानाचे भारे न्यायला आलेला गाडीवान जबाब द्यायला आला. त्याला स्वतःचंच दुःख. "बैलं असे बिथरले साहेब, का सरळ गोदामाच्या भिंतीपाशी जाऊन थांबले. माहं जू मोडलं!"

मी लिहिता लिहिता थांबलो. "कुठे पळाले म्हणतोस?"

"गोदामाकडं."

"आणि आवाज?"

"गोदामाकडूनच आला जी."

"अरे बाबा, मग बैल आवाजाकडे पळाले? बार झाल्यावर तुझे बैल बाराकडे धावतात?"

त्याची गाडी बोडीच्या पाळीला अगदी खेटून उभी होती. बैलाचे कान मोठे, दोन्ही वेगवेगळे फिरतात, आणि भांडण कुणाचं कुणाशी आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो ज्या आवाजाला भ्याला, त्याच्या उलट पळाला. म्हणजे बार बोडीकडे झाला होता!

कापणाऱ्या एका बाईने मोबाइलवर थ्रेशरचा व्हिडिओ काढला होता. तो सायबर सेलकडे दिला. त्यांनी थ्रेशरची घरघर कमी करून मला ऐकवला. आधी एक दबका 'ठप्प', लगेच मागून मोठा 'धाड'. सगळ्यांनी ऐकला तो धाड. तो ठप्प कुणीच ऐकला नव्हता.

उलगडा साधा आहे. माणसाला दोन कान. ज्या कानाला आवाज आधी आणि मोठा पोचतो, त्या बाजूला आपण मान वळवतो. बार पाळीच्या मागे झाला. सरळ येणारा आवाज मातीने अडवला, उरलेला थ्रेशरने गिळला. वरून गेलेला आवाज गोदामाच्या भिंतीवर आपटून परत आला, तो मोठा. आणि भिंतीपाशी भांडणातला म्हातारा बसलेला. झालं, कानाने अर्धं ठरवलं आणि मनाने उरलेलं!

आता हे पंचांसमोर सिद्ध करायचं. सगळ्या साक्षीदारांना बोलावलं, जो जिथे होता तिथे उभं केलं, थ्रेशर चालू केला, दुपट्ट्याने डोळे बांधले. सांगितलं, फटाका वाजेल, आवाज येईल तिकडे हात करा. कुठे वाजेल ते हवालदार आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. हवालदार पाळीमागे दडला होता.

मी चेहरे बघत फिरत होतो. सगळ्यांच्या माना सरळ. एकाची सोडून. तो शेजारच्या टोलीतला, म्हणजे वस्तीतला, धानाचा धंदा करणारा, बाईला स्वतःच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेणारा भला माणूस. जबाबात त्याने लिहून दिलं होतं, 'थ्रेशरजवळ उभा होतो, आवाज म्हाताऱ्याकडून आला.' फटाका वाजायच्या आधीच त्याचं तोंड बोडीकडे वळलेलं होतं.

फटाका वाजला. सगळे हात गोदामाकडे गेले, बाईच्या नवऱ्याचाही. डोळे सोडल्यावर पाळीवर हात हलवणारा हवालदार दिसला, तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा," एवढंच म्हणाला.

मी त्या भल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "काय भाऊ, बोडीकडं काऊन पाहून राहिला?"

तो खालीच बसला. ठाण्यात फार वेळ लागला नाही. रानडुक्कर पाळीवर चढलं, त्याने खालून भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुकीचा बार काढला. पलीकडे माणसं आहेत हे ध्यानातच आलं नाही. बोडीकाठच्या बेशरमाच्या झुडपातून त्यानेच पंचांसमोर बंदूक काढून दिली. जवळच बारावर ठासलेल्या, अर्धवट जळालेल्या चिंध्या सापडल्या.

"बाईले दवाखान्यात मीच नेलो ना साहेब?"

"नेलंस. आणि जाताना त्या म्हाताऱ्याला झाडाला बांधताना पाहिलंस. तेव्हा तोंड उघडलंस का?"

माझा राग बंदुकीपेक्षा त्या गप्प बसण्यावर जास्त होता, आजही आहे.

पुढे नव्या शिपायांना मी नेहमी सांगायचो: साक्षीदारांना एकत्र उभं करून विचारू नका. एकाचा हात उठला की बाकीचे हात आपोआप उठतात. आणि बहुतेक लोक खोटं बोलत नसतात; चुकीचं ऐकलेलं ते खरं समजून सांगत असतात. अशा खऱ्या माणसांपासून निर्दोषाला वाचवणं हेच पोलिसाचं खरं अवघड काम. चोर पकडणं त्यामानाने सोपं.

म्हाताऱ्याची सुटका झाली त्या दिवशी बाईचा नवरा ठाण्यात आला. बाई बरी होत होती. तो हात जोडून म्हणाला, "चुकी झाली गा. आम्हाले आवाज तुह्याच बाजूनं आला."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी झाडापाशी वरडून राहिलो होतो, मी नाई मारलो म्हणून. तू तर दोन हातावर उभा होतास. तो आवाज कोठून येऊन राहिला ते नाई समजलं का रे तुले?"

पायरीवरून म्हातारी उठली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"चाला जी," ती म्हणाली, "धान झडून राहिला."