होम प्लेटवर टेकलेला पाय

दिघ्याची ती मुलगी खरोखर बाद होती का, एवढाच माझा प्रश्न आहे. फोटोंच्या जुन्या पाकिटाला हायपोचा, म्हणजे फोटो धुण्याच्या रसायनाचा, वास आला आणि वाशीच्या धुळकट मैदानावरचा निवडीचा सामना आठवला. शाळेतली नोकरी सांभाळून सॉफ्टबॉलचे फोटो काढायला मी तेव्हा शिकत होतो. चेंडू ग्लोव्हजमध्ये दिसण्याआधीच बटण दाबायचे असते, हे मला त्या दिवशी प्रथमच साधले. धाव पूर्ण करायला ती घसरत होम प्लेटवर आली आणि चेंडू आधी पोहोचला म्हणत पंचांनी तिला बाद दिले. "सर, पाय टेकला होता माझा," ती मला म्हणाली. संध्याकाळी मी ओली प्रिंट घेऊन पंचांकडे गेलो. त्यांनी ती पाहिलीही नाही. "मास्तर, निवडलेल्या संघाची यादी वर गेली. फोटो अल्बमात लावा." तो संताप अजून उतरलेला नाही. फोटो सोबत छापला आहे; पाय कुठे आणि चेंडू कुठे, ते आपण स्वतः पाहावे.