जाऊबाईंचा ज्वालामुखी

शाळेत तिला सगळे नकाशेबाई म्हणत. मुलांकडे पाठ न करता, तिरकी उभी राहून, बोलता बोलता ती फळ्यावर अख्खा खंड काढायची. पुसायची वेळ आली की मुलं हळहळायची.

मग तिची धाकटी जाऊ त्याच शाळेत लागली. तीही भूगोलालाच, आणि शेजारच्याच वर्गावर. जाऊ फळ्याला हात लावत नसे. पडद्यावर इंटरनेट लावायची आणि मुलांना समुद्राच्या तळाशी नाहीतर वाळवंटात फिरवून आणायची. भिंतीपलीकडून मुलांचा कल्ला ऐकू आला की नकाशेबाईच्या हातातला खडू मोडायचा. "सिनेमा दाखवायला अक्कल लागत नाही," असं ती शिक्षकांच्या खोलीत म्हणायची. कोणी दुजोरा दिला नाही की अजूनच जळफळायची.

सगळ्यात झोंबायचं ते घरी. पोटची मुलगीच जाऊच्या वर्गात.

"आई, काकू उद्या खराखुरा ज्वालामुखी दाखवणार! आत्ता पेटलेला!"

"मी शिकवला होता की तुला."

"हो, पण तो हलत नव्हता ना."

समोर जेवायला बसलेली जाऊ गालात हसली. निदान नकाशेबाईला तसं वाटलं. घास तिच्या तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तास बघायला मुख्याध्यापक जाऊन बसले. नकाशेबाईचा तास मोकळा होता आणि शिक्षकांच्या खोलीत ती एकटीच होती. कपाटामागे राउटरचे दिवे लुकलुकत होते. तिने प्लग ओढला आणि पेपर तपासायला बसली. एक ओळ वाचली जाईना.

थोड्याच वेळात जाऊ दारात. "ताई, नेट गेलं. मुख्याध्यापक बसलेत. तुम्ही येता का? फळ्यावर तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते, आणि आता ऐकवेना. तरी गेली. डोंगर काढला, त्याच्या पोटातली नळी काढली, लाल खडूने लाव्हा ओतला. मुलगी शेजारणीला कोपराने ढोसून कौतुकाने बघत होती. तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "बाई, आत्ता तिथे काय चाललं असेल?"

नकाशेबाईने खडू खाली ठेवला. इतकी वर्षं शिकवला, पण पेटलेला ज्वालामुखी तिने कधी पाहिलाच नव्हता.

"थांबा," म्हणून ती तरातरा गेली आणि प्लग लावून आली. "निघाला होता," जाऊच्या कानाशी पुटपुटली.

"आपोआप?"

"नाही."

जाऊने तिच्याकडे एकदाच रोखून पाहिलं आणि पडदा लावला.

नकाशेबाई शेवटच्या बाकावर बसली. लाव्हा सावकाश सरकत होता, आणि लाल नव्हताच; काळाठिक्कर, फक्त भेगांमधून धगधगणारा. हे आपण का नाही दाखवलं मुलांना, या विचाराने ती आतून पुन्हा पेटली.

घरी जाऊने अबोला धरला. शेवटी भांडी विसळताना नकाशेबाईच म्हणाली, "चुकलं माझं. ते कसं शोधायचं, मला दाखवशील?"

"दाखवीन. पण आधी मला फळ्यावर काढायला शिकवा," जाऊ म्हणाली. "खडू धरला की हात थरथरतो माझा. म्हणून तर पडदा लावते."

नकाशेबाईने मान हलवली. मनातून तिला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.