गालातल्या चरबीचं ठिगळ

फुंकरदादा प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकतो. तीस वर्षं झाली.

त्याची वरची दाढ काढली आणि तिथे भोक राहिलं. ते थेट नाकाशेजारच्या पोकळीत उघडायचं. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं. ते तो हसण्यावारी न्यायचा. पण नळीत फुंकर मारली की निम्मी हवा नाकावाटे पळायची. काचेचा फुगा वाकडा व्हायचा. कारखान्याचे मालक त्याला पॅकिंगला बसवायचं म्हणत होते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी ओढून भोक शिवलं. चौथ्या दिवशी दादाने नाक चिमटीत धरलं आणि आतून हवेचा जोर लावला. टाके उसवले.

"का पण?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय काचेचा जोड बाहेर जात नाही आपल्याकडे."

"जोड थंड तरी होऊ द्यायचा," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या वेळी बाईंनी गालाच्या आतली चरबी ओढून भोकावर बसवली. म्हणाल्या, "जिवंत ठिगळ आहे. हे फाटलं तर पुढचं अवघड आहे."

नाक शिंकरायचं नाही. स्ट्रॉ नाही. चहावरसुद्धा फुंकर नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.

नवव्या दिवशी ती आली.

"आ कर, आ," वहिनी धावली. दादा एवढ्या मोठ्याने शिंकला की भांड्यांची मांडणी वाजली. त्याचा हात हळूच नाकाकडे निघाला.

"हात खाली."

"नुसतं बघतो गं."

"बाई बघतील."

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि बसून राहिला. कपाळावर घाम होता. माझ्याही.

सहा आठवड्यांनी बाईंनी तोंडात बॅटरीचा झोत टाकला. "आता धरा नाक. हळू."

त्याने आधी वहिनीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग जोर लावला.

"बुडबुडासुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही घरी गेलोच नाही. सरळ कारखान्यात. त्याने नळी ज्योतीत धरली, फिरवली, ओठांना लावली. काच फुगत गेली. मी श्वास घ्यायचा विसरलो. फुगा गोल होता, सगळ्या बाजूंनी गोल. मालकांनी तो उजेडात धरून तीनदा फिरवला.

"झालं ना, चल आता," वहिनी म्हणाली.

तो ऐकत नव्हता. दुसरी नळी लाल झाली होती.